यंत्र घेण्याआधी सिग्नल वाचायला शिका

वाचकाचं पत्र: मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. काही वर्षं समुपदेशन आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची मुख्य तक्रार शरीराची असते: डोकेदुखी, छातीत धडधड, झोप न लागणं, पोट बिघडणं. बोलून त्यांना हलकं वाटतं, पण डोकं दुखायचं ते दुखतंच. म्हणून मन-शरीर उपचार आणि बायोफीडबॅक (शरीराचे सिग्नल यंत्रावर बघत ते बदलायला शिकवणं) यांच्याकडे वळावं असं मनात आहे. एका विक्रेत्याने दोन दिवसांच्या प्रशिक्षणासह सगळे सेन्सर असलेलं, मेंदूच्या लहरीही मोजणारं महागडं यंत्र देऊ केलं आहे. सहकारी म्हणतात, हे थोतांड आहे. घरचे म्हणतात, एवढं शिकून आता तंत्रज्ञ होणार का? यात खरंच करिअर आहे का? सुरुवात कुठून करू? आणि घरच्या सरावासाठी मनगटावरचं स्मार्टवॉच चालेल का?

उत्तर:

नमस्कार,

आधी व्यवहाराचं बोलू. ते यंत्र आत्ता घेऊ नका, आगाऊ रक्कमही देऊ नका. तुमचा विचार योग्य आहे, क्रम तेवढा उलटा लागतो आहे. या कामात आधी शरीरक्रिया येते, मग सिग्नल वाचणं, मग एखादी तक्रार नीट हाताळायची पद्धत आणि त्यानंतर यंत्राची निवड. कोणासाठी आणि कोणता सिग्नल वापरायचा हे ठरलेलं नसताना घेतलेलं सर्व-सेन्सर यंत्र बहुधा कपाटात जाऊन बसतं. वापरलं गेलंच, तर पडद्यावरच्या रंगीत रेषा क्लायंटला दाखवण्यापुरतं.

घरच्यांची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर सोपं आहे. वजनकाट्यावर उभं राहिल्याने वजन उतरत नाही, तसं बायोफीडबॅकचं यंत्र कुणाला बरं करत नाही. शरीरात चाललेली एरवी न जाणवणारी गोष्ट ते क्षणाक्षणाला समोर आणतं, एवढंच. ती बघून बदल घडवायला माणूस शिकतो आणि पुढे यंत्राशिवाय तोच बदल घडवायला शिकतो. म्हणजे सगळा मामला शिकण्याचा आहे. पायरी किती लहान ठेवायची, दाद कधी द्यायची, आकडा हलला नाही की माणूस मनात स्वतःला काय बोलतो, घरचा सराव तिसऱ्या दिवशी का सुटतो, हे तुमचं रोजचं काम आहे. सेन्सर लावायला कुणीही शिकेल. "रेषा खाली येत नाही म्हटल्यावर माझी धडधड आणखी वाढली" असं सांगणाऱ्या माणसाशी त्या क्षणी काय बोलायचं, हे मात्र मानसशास्त्रज्ञालाच यावं लागतं.

आता सहकाऱ्यांचा आक्षेप. तो झटकून टाकू नका, कारण या क्षेत्राने सुरुवातीलाच स्वतःबद्दल फार मोठे दावे केले होते. बायोफीडबॅक हे नाव रूढ झालं 1969 च्या सुमारास. त्याच वर्षी नील मिलर यांनी असं मांडलं, की क्युरारी देऊन स्नायू लुळे केलेले उंदीरही बक्षिसाच्या जोरावर हृदयाचे ठोके बदलायला शिकतात. त्यातून आतड्यांपासून रक्तवाहिन्यांपर्यंत सगळं शिकवता येईल अशी आशा पसरली. पण ते निष्कर्ष पुन्हा मिळेनात, आणि 1986 मध्ये बॅरी ड्वॉर्किन आणि खुद्द मिलर यांनीच तसं प्रसिद्ध केलं. उंदरांचा तो पुरावा बाद झाला, पण माणसांवरचं काम वेगळ्या पायावर उभं होतं. जॉन बास्माजियन यांनी 1963 मध्ये दाखवलं होतं, की स्नायूंची विद्युत हालचाल डोळ्यांना दिसली आणि कानांना ऐकू आली की माणूस एकेका मोटर युनिटवर (एक चेतापेशी आणि ती चालवते ते स्नायूतंतू) ताबा मिळवू शकतो. टोपेका इथल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर ग्रीन आणि त्यांचे सहकारी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हात उबदार करण्याचं प्रशिक्षण अर्धशिशीच्या रुग्णांना देऊन पाहत होते. टॉमस बुडझिन्स्की आणि योहान स्टोयव्हा कपाळाच्या स्नायूंवर काम करून ताणाच्या डोकेदुखीकडे वळले होते.

पुरावा तक्रारीनुसार बदलतो, म्हणून "बायोफीडबॅक चालतं का?" हा प्रश्नच फार ढोबळ आहे. अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी इथे पाया भक्कम आहे. नेस्टोरिउक आणि मार्टिन यांनी 2007 मध्ये अर्धशिशीवरचे 55 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मध्यम आकाराचा आणि टिकणारा फायदा दिसला. पुढच्याच वर्षी ताणाच्या डोकेदुखीवर त्यांना याहून थोडा मोठा फायदा आढळला. शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात, त्या प्रकारच्या बद्धकोष्ठतेत हा प्रमुख उपचारांपैकी एक आहे. स्त्रियांच्या लघवीवरील ताब्याच्या त्रासातही त्याला आधार आहे, मात्र ते काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांच्या हद्दीतलं आहे. रक्तदाबावर परिणाम माफक आणि अभ्यासागणिक वेगळा. आणि एक उदाहरण उलटं: थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्या रेनॉच्या त्रासासाठी हात उबदार करणं हा तर्काने अगदी चपखल उपचार वाटतो. तरी 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत निफेडिपीन हे औषध उपयोगी ठरलं आणि तापमानाचं बायोफीडबॅक तुलनेसाठी ठेवलेल्या प्रशिक्षणापेक्षा सरस ठरलं नाही. तर्क पटला म्हणून उपचार लागू पडेलच असं नाही, हे सहकाऱ्यांना तुम्हीच आधी सांगा. तुमच्यावरचा विश्वास वाढेल.

म्हणून सुरुवात डोकेदुखीपासून करा. तुमच्याकडे तसे लोक येतातच, मोजमाप सोपं आहे आणि पुरावा बरा आहे. सिग्नल दोनच घ्या: ईएमजी, म्हणजे स्नायूंच्या विद्युत हालचालीची नोंद, आणि बोटाचं तापमान. त्यांच्यात हात बसला की तिसरा घ्या, हृदयाच्या ठोक्यांमधल्या चढउताराचा, म्हणजे एचआरव्हीचा. तुमच्या पत्रातल्या धडधड असणाऱ्यांसाठी तो पुढे कामी येईल, अर्थात हृदयाची तपासणी होऊन डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर.

या तीन सिग्नलमध्ये काय काय चुकतं हे सविस्तर सांगतो, कारण दोन दिवसांच्या प्रशिक्षणात नेमकं तेच गाळलं जातं.

ईएमजी मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. मानेपासून खांद्यापर्यंतचा वरचा ट्रॅपेझियस स्नायू घ्या. त्वचा अल्कोहोलच्या फडक्याने पुसून कोरडी होऊ द्यायची, दोन सक्रिय इलेक्ट्रोड तंतूंच्या दिशेने सुमारे 2 सेंटिमीटर अंतरावर लावायचे. तंतूंना आडवे लावले तर सिग्नल लहान येतो आणि स्नायू सैल असल्याचा भ्रम होतो. त्वचेवर तेल किंवा मलम राहिलं, किंवा इलेक्ट्रोडची जेल सुकली, तर विजेच्या तारांची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण आत शिरते आणि आकडा विनाकारण चढा दिसतो. डाव्या खांद्यावर दर सेकंदाला एक टोक उठताना दिसलं, तर तो बहुधा हृदयाचा ठोका असतो. फिल्टर (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल आत घेणारी गाळणी) 100 ते 200 हर्ट्झवर ठेवला की ठोका बराचसा गळतो, पण स्नायूचीही बरीच ऊर्जा त्याच्यासोबत जाते आणि आकडा लहान होतो. 20 ते 500 हर्ट्झवर दोन्ही आत येतात. म्हणून एका यंत्रावरचे 3 मायक्रोव्होल्ट आणि दुसऱ्यावरचे 3 मायक्रोव्होल्ट यांची तुलना करू नका. नोंदीत आकड्याशेजारी फिल्टर आणि इलेक्ट्रोडची जागा लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समोरची व्यक्ती खुर्चीत बसली आहे. उजवीकडे 9, डावीकडे 4. तुम्ही म्हणता, "खांदे सैल सोडा." उजवा आकडा 13 वर जातो. नवशिका उपचारक इथे "अजून सैल, अजून" म्हणत राहतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती खांदे मागे ओढून ताठ बसली आहे, कारण नीट बसणं म्हणजे आराम असं तिने लहानपणापासून ऐकलं आहे. अशा वेळी शब्द थांबवा. खुर्चीचा हात उजव्या कोपराला पुरत नसेल तर कोपराखाली उशी द्या. मग खांदे मुद्दाम कानांकडे उचलायला सांगा, तीन-चार सेकंद धरून सोडायला सांगा आणि सोडल्यानंतरची रेषा तिलाच बघू द्या. आकडा 5 वर आला की विचारा, "आत्ता आत काय वेगळं वाटतंय?" तिने स्वतःच्या शब्दांत दिलेलं उत्तर, मग ते "हात जड झाला" असो वा "मान लांब झाली", लिहून ठेवा. पुढच्या सेशनला तेच शब्द तुमची सूचना होतात. सैल होण्याची खूण तिच्याकडूनच आलेली असते, त्यामुळे ती पटकन लागू पडते.

तापमानाचा सेन्सर म्हणजे एक लहानसा थर्मिस्टर. तो बोटाच्या पेरावर लावतात. बोट गार असेल तर आकडा 25 अंश सेल्सियसच्याही खाली असतो, शरीर निवांत झालं की 34-35 कडे सरकतो. बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळण्याचं काम सिंपथेटिक मज्जासंस्था, म्हणजे ताणात शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, करते. ती सैलावली की रक्त वाहतं आणि बोट ऊब धरतं. मात्र हे सगळं सावकाश चालतं, म्हणून तीस सेकंदांत निकाल लावू नका. टेप बोटाभोवती घट्ट गुंडाळली तर रक्तप्रवाह अडतो. जाड थर लावला तर उष्णता कोंडते आणि काही न शिकताच आकडा वाढतो. हात पोटावर ठेवला तरी तेच होतं. बाहेरून गारठून आलेल्या माणसाला दहा मिनिटं नुसतं बसू द्या, नाहीतर खोलीच्या उबेने वाढलेला आकडा तुम्ही प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा कराल. अर्ध्या-एक तासापूर्वी सिगारेट किंवा कॉफी झाली का, हेही विचारा. दोन्ही आकड्यावर परिणाम करतात. आणि सगळ्यात नेहमीची अडचण अशी: माणूस जिद्दीने हात गरम करायला लागतो आणि तापमान 29.4 वरून 28.6 वर उतरतं. तो प्रयत्न हाच ताण असतो. इथे "करा" ऐवजी "होऊ द्या" या दिशेने न्यावं लागतं. जोहानेस शुल्ट्झ यांच्या ऑटोजेनिक प्रशिक्षणातली "माझा हात जड आणि उबदार आहे" यासारखी वाक्यं 1932 पासून वापरात आहेत, ती इथे उपयोगी पडतात.

एचआरव्हीबद्दल आजकाल सगळेच बोलतात, म्हणून इथे यंत्रणा समजून घ्या. रक्तदाब वाढला की मेंदू ठोके मंदावतो आणि दाब खाली येतो. या साखळीला सुमारे पाच सेकंदांचा उशीर असतो. म्हणून श्वासाचं एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं ठेवलं, की ठोक्यांची लाट श्वासाबरोबर झुलते आणि सगळ्यात उंच होते. मिनिटाला सुमारे सहा श्वास, म्हणजे 0.1 हर्ट्झ. पण प्रौढ माणसात हा वेग 4.5 ते 6.5 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. उंच माणसांत तो सहसा कमी असतो. पॉल लेहरर आणि वाश्चिलो दांपत्याने 2000 मध्ये मांडलेल्या पद्धतीत 6.5, 6, 5.5, 5 आणि 4.5 या वेगांवर प्रत्येकी दोन मिनिटं श्वास घ्यायला लावून कुठे लाट सर्वांत मोठी आणि गुळगुळीत होते ते पाहतात. घरी त्या वेगाने वीस मिनिटं, दिवसातून दोनदा सराव. श्वास सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब.

यात चूक होते ती "खोल श्वास घ्या" या सूचनेने. माणूस हळू तर घेतो, पण ढोसून घेतो. कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, आणि पॅनिकचा त्रास असलेला माणूस पुन्हा तुमच्याकडे फिरकत नाही. सूचना अशी द्या: "हळू घ्या, पण उथळ घ्या. नेहमीपेक्षा जास्त हवा घ्यायची नाही." कॅप्नोमीटर (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर श्वास सोडण्याच्या शेवटी त्या वायूचा दाब 35 ते 45 मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान राहतो का ते बघा. नसेल तर चक्कर आली की वेग तोच ठेवून श्वास लहान करायला सांगा. सिग्नलच्या बाजूने सांगायचं तर, एक ठोका जरी नोंदवायचा राहून गेला तरी एचआरव्हीचे आकडे फुगतात. म्हणून आकडा बघण्याआधी ठोक्यांची रेषा डोळ्यांनी तपासा. एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या लयीचा बिघाड असलेल्यात ठोकेच अनियमित असतात, त्यामुळे एचआरव्ही भलतं मोठं दिसतं आणि त्याला काही अर्थ नसतो. पेसमेकरवर चालणाऱ्या हृदयाचंही तसंच, तिथेही हा आकडा वापरू नका. बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, चालू असेल तर नोंदीत लिहा.

त्वचेची विद्युतवाहकता मी मुद्दाम शेवटी ठेवली. घामाच्या ग्रंथींमुळे ती बदलते आणि उत्तेजना झाल्यावर एक ते तीन सेकंदांत उसळते. "मनात नुसता विचार आला तरी शरीर दखल घेतं" हे दाखवायला ती फार प्रभावी आहे. प्रशिक्षणाचा मुख्य सिग्नल म्हणून मात्र ती चंचल आहे, आणि काही औषधांनी, उदाहरणार्थ ट्रायसायक्लिक गटातल्या नैराश्याच्या गोळ्यांनी, दबते.

डोकेदुखीच्या उपचाराचा आराखडा असा ठेवा. पहिल्या भेटीत सेन्सर पेटीतून बाहेर काढूच नका. डॉक्टरांचं निदान, औषधांची यादी, झोप, पाळीशी संबंध, सगळं विचारा. अचानक सुरू झालेली आणि आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, ताप आणि मान ताठरण्यासोबतची, बोलणं अडखळणं किंवा अंगात अशक्तपणा येणं, डोक्याला मार लागल्यानंतरची: यातलं काहीही असलं तर आधी डॉक्टर, तुमचं काम नंतर. त्यानंतर गोळ्या मोजा. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस घेतल्या जात असतील, तीही तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता मोठी. तो प्रश्न न्यूरॉलॉजिस्टने हाती घेतल्याशिवाय तुमची बारा सेशन वाया जातील, आणि खापर बायोफीडबॅकवर फुटेल.

मग चार आठवड्यांची डायरी. दिवसातून चार वेळा 0 ते 10 तीव्रता आणि गोळ्यांची संख्या, बाकी फाफटपसारा नको. लांबलचक तक्ता कुणी भरत नाही.

दुसऱ्या भेटीत ताणाची चाचणी. पाच मिनिटं स्थिरावणं, तीन मिनिटं बेसलाइन (काही न करता घेतलेली मूळ नोंद), दोन मिनिटं मनातल्या मनात 1000 मधून सात-सात वजा करत जाणं, पाच मिनिटं विश्रांती, दोन मिनिटं अलीकडचा त्रासदायक प्रसंग आठवणं, पुन्हा पाच मिनिटं विश्रांती. आकडेमोड मोठ्याने करायला लावू नका, बोलण्याने श्वास आणि जबड्याचे स्नायू दोन्ही बिघडतात. ताणात आकडा किती चढला याकडे सगळे बघतात. तुम्ही परतीकडे बघा. ताण संपल्यावर पाच मिनिटांनीही जो सिग्नल खाली आलेला नाही, तिथे काम करायचं आहे.

पुढे आठ ते बारा सेशन, आठवड्याला एक. पंचेचाळीस मिनिटांत प्रत्यक्ष फीडबॅक पंधरा-वीस मिनिटांहून जास्त नको, तोही तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा पडदा बंद ठेवून घ्या, कारण यंत्राशिवाय जमतं का हेच तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे यंत्र जिथे यश धरतं ती मर्यादा, असा लावा की दहातल्या सातेक क्षणांना यश मिळेल. फार कडक लावला तर माणूस झटायला लागतो आणि ताणतो, फार सैल लावला तर शिकण्यासारखं काही उरत नाही. अनेक सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड आपोआप सरकण्याची सोय असते. ती बंद करा. स्नायू हळूहळू आवळत गेले तर तो थ्रेशोल्डही वर सरकतो, आणि बिघडणाऱ्या सिग्नलवर यंत्र शाबासकी देत राहतं.

चौथ्या सेशननंतर जरूर थांबून बघा. डोकेदुखी तोवर कमी झालेली नसेल, त्याची चिंता नको, ती मागून येते. पण कौशल्य आलंय का? पडदा बंद असताना तापमान अर्धा-एक अंश तरी चढतंय का, खांदा सैल होतोय का? नसेल तर सिग्नल बदला किंवा एडमंड जेकबसन यांच्या स्नायू ताणून सैल सोडण्याच्या पद्धतीकडे वळा. न जमलेल्या पद्धतीनेच आणखी आठ आठवडे ओढू नका. कौशल्य आलं असेल तर खुर्चीतून बाहेर काढा: उभं राहून, टायपिंग करताना, फोनवर बोलताना. दिवसातून आठ-दहा वेळा एका मिनिटाचा सराव जमला, तर तो घरच्या लांबलचक सरावापेक्षा बरेचदा जास्त टिकतो.

धोक्यांबद्दल दोन गोष्टी ठामपणे सांगतो. निवांत होताना काही जणांची चिंता उलट वाढते. ताबा सुटतोय असं त्यांना वाटतं, आणि आघात सोसलेल्यांना डोळे मिटून शरीराकडे लक्ष देणं असह्य होऊ शकतं. अशांसाठी डोळे उघडे, तुकडे एक-दोन मिनिटांचे, आणि सुरुवात हातापायांपासून. दुसरं म्हणजे, शरीर शांत झालं की औषधांची गरज बदलू शकते. इन्सुलिन, रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या डॉक्टरांना पत्र पाठवल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि डोस कमी करण्याबद्दल क्लायंटशी तुम्ही स्वतः कधीही बोलू नका.

शिक्षणाचं. बायोफीडबॅक सर्टिफिकेशन इंटरनॅशनल अलायन्स, म्हणजे बीसीआयए, ही संस्था 1981 पासून या कामाचं प्रमाणपत्र देते. सर्वसाधारण बायोफीडबॅकसाठी तिच्या अपेक्षेत 42 तासांचा अभ्यासक्रम, शरीररचना आणि शरीरक्रियेचा वेगळा कोर्स, मेंटॉरबरोबर 20 तास, त्यात स्वतःवर घेतलेली 10 सेशन, क्लायंटबरोबरची 50 सेशन आणि 10 केस मांडणं, आणि शेवटी परीक्षा असते. नियम बदलत असतात, ताजे त्यांच्याकडूनच घ्या. आता विक्रेत्याच्या दोन दिवसांची तुलना याच्याशी करा. प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, तुमचा मूळ परवाना सायकॉलॉजिस्टचा आणि तुमची हद्दही त्यानेच ठरते. पण स्वतःवरची ती दहा सेशन टाळू नका. स्वतःचं बोट तापवताना जी चिडचिड होते, ती अनुभवल्याशिवाय "होऊ द्या" हे वाक्य तुमच्या तोंडी पोकळ वाटेल. मेंटॉर निवडताना एकच प्रश्न विचारा: तुमच्या कच्च्या नोंदी माझ्यासोबत बसून बघाल का? जो फक्त अहवाल बघतो, तो सिग्नल वाचायला शिकवू शकत नाही.

मेंदूच्या लहरींचं प्रशिक्षण, म्हणजे न्यूरोफीडबॅक, सध्या बाजूला ठेवा. बॅरी स्टर्मन यांनी 1960 च्या दशकात मांजरांवर आणि 1970 च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांवर केलेलं काम महत्त्वाचं आहे, यात वाद नाही. पण आज ते विकलं जातं प्रामुख्याने एडीएचडीच्या (मुलांमधली अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता) नावावर, आणि तिथे 7 ते 10 वर्षांच्या 144 मुलांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुहेरी-अंध चाचणीत (खरं प्रशिक्षण कुणाला हे मुलांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही) खरं आणि नकली प्रशिक्षण घेणाऱ्या दोन्ही गटांतली मुलं सुधारली, पण खऱ्याला वेगळी आघाडी मिळाली नाही. त्यात सेशन तीस-चाळीस लागतात, पापणी लवली की थीटा ही संथ लहर वाढलेली दिसते, जबडा आवळला की बीटा ही वेगवान लहर वाढलेली दिसते. ईएमजी वाचता न येणाऱ्याने ईईजीला, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या नोंदीला, हात लावला तर तो मेंदूच्या नावाखाली जबड्याला प्रशिक्षण देत बसेल. म्हणूनही विक्रेत्याचं ते यंत्र आत्ता तुमच्या कामाचं नाही.

करिअर आहे का? आहे, पण "बायोफीडबॅक सेंटर" अशी पाटी लावून केवळ त्यावर जगण्याच्या बेताने उतरू नका. तुमच्या आठवड्यातल्या सेशनपैकी सुरुवातीला दोन-तीन जागा यासाठी राखून ठेवा, बाकी समुपदेशन चालू राहू द्या. हे कौशल्य सीबीटीत मिसळलं की दोन्हींना धार येते: "मला काहीतरी होणार" हा विचार आणि चढणारा ठोका एकाच पडद्यावर समोर असतात. काम येतं ते न्यूरॉलॉजी, वेदना उपचार केंद्रं, पुनर्वसन, पोटविकार, दंतवैद्यांकडचे जबड्याचे रुग्ण आणि खेळाडू यांच्याकडून. डॉक्टर एकदा पाठवतात ते ओळखीने, पुन्हा पाठवतात ते तुमच्या पत्राने. ते पत्र एका पानाचं असू द्या: आधी महिन्याला डोकेदुखीचे दिवस किती, आता किती, गोळ्या किती, कोणतं कौशल्य आलं, काय जमलं नाही. पहिल्या दहा जणांची अशी पत्रं जपून ठेवा आणि ज्यांना फायदा झाला नाही त्यांचीही त्यात धरा. तुमच्या शंकेखोर सहकाऱ्यांनाही तीच दाखवा.

यंत्र घेण्याची वेळ आली की दोन ईएमजी, एक तापमान आणि एक नाडी एवढे चॅनल पुरतात. कच्चा सिग्नल दिसतो का, फिल्टर बदलता येतो का, नोंद दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता येते का, इलेक्ट्रोड आणि केबल सुटे मिळतात का, आणि ते वैद्यकीय उपकरण म्हणून तुमच्याकडच्या नियमांत बसतं का, हे लेखी विचारा. केबल सर्वांत आधी खराब होतात, म्हणून एक जादा घेऊन ठेवा.

आणि स्मार्टवॉच. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर हात हलला की ठोके चुकवतो, आणि बरीच घड्याळं सरासरी काढलेला आकडा दाखवतात, त्यामुळे श्वासागणिक झुलणारी लाट त्यात दिसत नाही. सेशनमधल्या प्रशिक्षणाला ते वापरू नका. घरच्या सरावात श्वासाचा वेग सांगायला आणि किती मिनिटं झाली ते नोंदवायला चालेल. ठोक्यांमधलं अंतर हवं असेल तर छातीचा पट्टा घ्या. तो लावण्याआधी त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायला सांगा, कोरड्या पट्ट्याने पहिली काही मिनिटं नोंद तुटक येते. आणि ज्यांना दर पाच मिनिटांनी आकडा बघायची सवय जडते, त्यांचं घड्याळ सरावाच्या वेळी ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगा.